एका गाडीच्या चार किल्ल्या

जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस पैशाची गोष्ट काढण्याआधी बैलाचे दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी जन्मभर दुसऱ्याचेच बैल वळले, पण बैल कसा पारखावा हे त्यांना पक्के ठाऊक होते. आता आपली मुले बैलाऐवजी जुनी जीप, पिकअप, छोटा हत्ती, नाही तर मारुती घेतात. गाडी घेताना रंग पाहतात, टायर पाहतात, टेप वाजतो का तेही पाहतात. किल्ल्यांचा जुडगा मात्र हातात पडला की तसाच खिशात टाकतात. त्या जुडग्यात किल्ल्या किती, कोणती कुठे लागते, आणि एका गाडीला इतक्या किल्ल्या कशासाठी, हे फार थोडे विचारतात. आजचा आमचा विषय तोच आहे.

कोणी म्हणेल, किल्ली ती काय आणि तिच्यावर लेख तो काय! पण बीड जिल्ह्यात गाडी ही चैनीची वस्तू नाही. परळीकडचा भाग सोडला तर आपला जिल्हा वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहत होता. बीड शहरातून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरकडे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या वाड्यावस्त्यांवर अजूनही जीपच कामाला येते. रात्री-अपरात्री बाळंतिणीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे तर शेजारच्याची जीपच उठवावी लागते. बेकार तरुणाला दोन पैसे मिळवायचे तरी जुनी गाडी हाच मार्ग दिसतो. त्यासाठी पैसा येतो कुठून? ऊसतोडीच्या हंगामातून उरलेला, बचत गटातून उचललेला, मेहुण्याकडून उसना आणलेला, आणि पुष्कळदा घरच्या बाईच्या कानातले मोडून उभा केलेला. असा पैसा एकदा बुडाला की घर पाच-दहा वर्षे मागे जाते. म्हणून किल्लीसारखी लहान गोष्टही लहान समजू नये, असे आमचे मत आहे.

आधी कुलूप चालते कसे, ते समजून घेऊ. गाडीच्या कुलपात एक फिरणारी नळी असते आणि तिच्यात पितळेच्या पातळ पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीचा खाचा निराळ्या उंचीवर असतो. किल्लीचे दात त्या उंचीला जुळले की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि नळी फिरते. एक जरी पट्टी वर-खाली राहिली तरी नळी अडते. म्हणजे किल्ली आणि कुलूप यांची जोडी कारखान्यातच ठरलेली असते. एका गाडीला साधारणपणे चार-पाच कुलपे असतात. इंजिन चालू करायचे म्हणजे इग्निशनचे, ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचे, क्लीनरच्या बाजूच्या दाराचे, डिकीचे आणि टाकीच्या झाकणाचे. बहुतेक गाड्यांत ही सगळी एकाच किल्लीने उघडतात. काही जुन्या गाड्यांना मात्र कंपनीनेच दोन निराळ्या किल्ल्या दिलेल्या होत्या, एक इंजिनची आणि एक दारांची. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला तर पुढे पुढे किल्लीच ठेवली नव्हती. शिपायाने किल्ली शोधत बसू नये म्हणून नुसता खटका होता, आणि दारे कापडी असल्याने कुलपाचा प्रश्नच नव्हता. तेव्हा दोन किल्ल्या दिसल्या की गाडी चोरीचीच, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

मग एकाच गाडीला तीन-चार किल्ल्या का होतात? साधी कारणे पुष्कळ आहेत. मूळ किल्ली हरवली आणि मालकाने तेवढेच एक कुलूप बदलले. इग्निशनचा स्वीच जळाला आणि बाजारातला नवा बसवला, त्याच्याबरोबर नवी किल्ली आली. टाकीचे झाकण पडले आणि सुट्या भागांच्या दुकानातून दुसरे आणले. अपघातात दार चेपले आणि भंगारातून त्याच जातीच्या गाडीचे दार आणून लावले, त्या दाराबरोबर त्याचे कुलूपही आले. मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत निघाली. एवढी वर्षे एकच गाडी रस्त्यावर राहिली की तिची दारे, डिक्या, स्वीच एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणारच. शिवाय झीज आहे. वीस वर्षे वापरलेल्या किल्लीचे दात गुळगुळीत होतात, ती दार उघडते पण इंजिनला अडते. आणि अशा झिजलेल्या किल्लीवरून पाडलेली दुसरी किल्ली तिची झीजसुद्धा बरोबर उचलते.

आता दुसरी बाजू. ज्या गाडीचे एकही कुलूप दुसऱ्याशी जुळत नाही, स्टीअरिंगखालच्या झाकणावर पेचकसाचे ओरखडे आहेत, इग्निशनच्या तारा कापून पुन्हा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली आहे, दाराच्या कुलपाभोवतीचा पत्रा उचकटलेला दिसतो, अशा गाडीपुढे थांबलेच पाहिजे. त्यातून विकणारा म्हणत असेल की दुसरी किल्ली गावी राहिली, आरसी बुक मित्राकडे आहे, आधी पैसे द्या मग कागद देतो, तर त्या गाडीपासून चार हात दूर राहावे.

या दोन्हींच्या मधला एक तिसरा प्रकार आहे आणि आपल्या भागात तो वारंवार दिसतो. तो म्हणजे फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली गाडी. हप्ते थकले की कंपनीची माणसे गाडी घेऊन जातात, पण कर्जदार रागाने मूळ किल्ली देत नाही. मग नवा स्वीच बसतो, नवी किल्ली येते, आणि दारांची जुनी कुलपे तशीच राहतात. ही गाडी चोरीची नव्हे. कागद नीट असतील तर ती घेण्यात गैर काही नाही. पण लक्षात ठेवा, त्या गाडीच्या दारांची किल्ली आजही कुणा दुसऱ्याच्या घरात खुंटीला लटकलेली आहे, आणि त्या माणसाला ती गाडी अजून आपलीच वाटते!

म्हणून आमचे सांगणे असे की सौदा ठरवण्याआधी एक वही घ्यावी आणि तिच्यात पाच कुलपे लिहावीत. प्रत्येक कुलपाला जुडग्यातली प्रत्येक किल्ली स्वतः लावून पाहावी आणि कोणती लागते ते समोर लिहावे. दार बाहेरून उघडते का, आतून उघडते का, स्टीअरिंगचे कुलूप बसते का, किल्ली चालू स्थितीत असताना तशीच बाहेर निघून येते का, हेही पाहावे. या कामाला पाऊण तास पुरतो. नंतर प्रत्येक न जुळणाऱ्या किल्लीबद्दल मालकाला सरळ विचारावे, "भाऊ, हे कुलूप कधी बदलले, का बदलले, आणि कोणत्या मिस्त्रीने बदलले?" खरा माणूस या प्रश्नाने रागावत नाही. तो गॅरेजचे नाव सांगतो, कधी पावती काढून देतो. सांगणे पटले तर तेच चार ओळींत सौद्याच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

आमच्या ओळखीतल्या दोन तरुणांनी भागीत जुनी जीप घ्यायचे ठरवले तेव्हा आम्हाला बरोबर नेले होते. पहिल्या जीपला तीन किल्ल्या होत्या. मालकाने आपण होऊनच सांगितले की अपघातानंतर डावे दार बदलले, आणि पत्रा ठोकणाऱ्याची पावतीही दाखवली. दाराच्या आतला मूळ रंग निराळा होता, म्हणजे बोलणे आणि गाडी एकमेकांशी जुळत होती. दुसरी जीप दिसायला फार चांगली आणि भाव पुष्कळ कमी. तिलाही तीनच किल्ल्या. पण प्रत्येक वेळी विचारल्यावर निराळे उत्तर आले, आणि कागद पाहायला मागितले तेव्हा कर्जाचा बोजा अजून उतरलेला नाही असे निघाले. मुलांचा जीव स्वस्त गाडीत अडकला होता. त्यांच्यापैकी एकाची आई तेवढी म्हणाली, "बाबा, जी गाडी तीन तोंडांनी बोलते, तिच्यात आपला पैसा नको." त्यांनी पहिली जीप घेतली. आईचे ते वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.

किल्लीचे उत्तर पटले तरी खरी परीक्षा कागदाची. गाडीच्या सांगाड्यावर चेसिस नंबर कोरलेला असतो आणि इंजिनवर इंजिन नंबर असतो. दोन्ही आरसीशी आकडा आकडा लावून पाहावेत. चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की नंबर कागदावर उमटतो. अक्षरे वाकडीतिकडी, जागा तासलेली किंवा पुन्हा रंगवलेली दिसली तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. केंद्र सरकारच्या परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर नुसता गाडी नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीचे कार्यालय, विम्याची मुदत अशी माहिती दिसते. ही तपासणी शिकलेल्या मुलीलाही करता येईल, तिला बरोबर घ्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे चोरीच्या आणि सापडलेल्या वाहनांची देशभरची नोंद असते. जुनी गाडी त्या नोंदीत नाही ना, हे पोलिसांच्या डिजिटल सेवेवरून पाहता येते. आपल्या जिल्ह्यात बीडची नोंदणी एमएच २३ आणि अंबाजोगाईची एमएच ४४ या क्रमांकाने होते. दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५, हे कागद हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. फायनान्सने ओढलेली गाडी कंपनीकडून घेताना ती कंपनीच्या नावावर झाली आहे का, आणि विक्रीचे पत्र कंपनीच्याच शिक्क्याचे आहे का, हे पाहावे. मधल्या दलालाची चिठ्ठी म्हणजे मालकी नव्हे.

इथे कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आपल्याकडे स्टॅम्पवर लिहून घेतले की झाले, असा समज आहे. तो घातक आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल. म्हणजे घेणाऱ्याने जितकी घाई करायची तितकीच विकणाऱ्यानेही केली पाहिजे.

चोरीचा माल घेण्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. त्यात शिक्षा आहे ती माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असूनही, अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला. "मानायला कारण असून" हे शब्द गरिबाने नीट वाचले पाहिजेत. चार किल्ल्या, तासलेला नंबर, अर्ध्या भावात गाडी, आणि आपण काहीच विचारले नाही, तर उद्या "मला काय ठाऊक" म्हणणे अवघड जाते. उलट विचारले, तपासले, लिहून घेतले, तर तोच कागद आपला साक्षीदार होतो. नाक्यावर गाडी अडवली की मळक्या कपड्यातल्या माणसाला चार प्रश्न जास्त विचारले जातात, हा आपला अनुभव आहे. त्या वेळी ओरडून उपयोग होत नाही. आरसी, विमा आणि सौद्याचा कागद पुढे केला की आवाज आपोआप खाली येतो.

गाडी घेतल्यानंतर शंका आली तर? ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. तो आपल्यासारखाच कोणी गरीब असेल, आणि तो गुन्हाही ठरेल. सगळे कागद घेऊन दोन जाणत्या माणसांसह स्वतः पोलीस ठाण्यात जावे आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तेव्हा हा हक्क आपलाही आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

आता गाडी आपली झाली, कागद सरळ झाले. मग पहिला खर्च सीट कव्हरवर करू नये, कुलपांवर करावा. कुलपांचा पूर्ण जोड मिळत असेल तर तो बसवावा, म्हणजे एकच किल्ली सगळीकडे लागते आणि जुन्या मालकाची किल्ली निकामी होते. तेवढी ऐपत नसेल तर निदान इग्निशन आणि ड्रायव्हरचे दार एवढी दोन कुलपे बदलावीत. चांगला चावीवाला दाराचे कुलूप उघडून आतल्या पट्ट्या बदलतो आणि ते इग्निशनच्या किल्लीशी जुळवून देतो, मात्र किल्लीची घडण एकाच जातीची हवी. दुसरी किल्ली पाडायची तर झिजलेल्या किल्लीवरून पाडू नये. कित्येक गाड्यांच्या मूळ किल्लीबरोबर नंबराचा छोटा पत्रा मिळतो, काही कुलपांवरही नंबर असतो. त्या नंबरावरून पाडलेली किल्ली मूळ मापाची येते. हा नंबर वहीत लिहून ठेवावा, जुडग्याला बांधून गावभर फिरवू नये.

नव्या पिढीच्या गाड्यांत किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीची झाली आणि पुढे ती आपल्याकडच्या गाड्यांतही आली. अशा गाडीची नुसती लोखंडी नक्कल दार उघडते, पण इंजिन चालू होत नाही, किंवा क्षणभर चालू होऊन बंद पडते. रस्त्यावर नक्कल पाडून पैसे घालवू नयेत. आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे आणि नवी किल्ली जोडताना हरवलेल्या जुन्या किल्लीची नोंद गाडीतून काढायला सांगावी.

विम्याची गोष्ट तर विसरूच नये. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते. आपल्याकडे एकच असेल तर ती दुसरी कुठे, हा पहिला प्रश्न येतो आणि दावा अडकतो. म्हणून विमा आपल्या नावावर करतानाच किल्ली एकच मिळाली आहे, अमुक कुलपे बदलली आहेत, असे लेखी कळवून पोच घ्यावी. कुलूप बदलल्याची पावती जपावी. किल्ली हरवली तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवावी. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा बदलीचा अर्ज करायचा असतो. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्यापुरता विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्याच गाडीच्या चोरीची किंवा नुकसानीची भरपाई जुन्या मालकाच्या नावावरच्या विम्यातून आपोआप मिळत नाही.

माय-बहिणींसाठी दोन शब्द. आपल्याकडे धूळ फार. कुलपात तेल सोडले की धूळ त्याला चिकटते आणि पट्ट्या जाम होतात. त्यापेक्षा शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किल्लीला लावून ती दोन-चार वेळा आत-बाहेर करावी. दुसरी किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात ठेवू नये, घरात ठरलेल्या जागी ठेवावी आणि ती जागा घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावी. रात्री दवाखान्याची घाई असताना चार किल्ल्यांतून बरोबर किल्ली शोधण्यात वेळ जातो. एकाच किल्लीने सगळे उघडत असेल तर तो वाचतो. आणि उभी गाडी नेहमी कुलूपबंद असावी. मार्च ते जूनच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. खेळता खेळता मूल आत शिरले आणि दार आतून उघडेना, तर काय प्रसंग ओढवेल हे वेगळे सांगायला नको. आतून न उघडणारे दार आज दुरुस्त करावे, उद्यावर टाकू नये.

सांगायचे तात्पर्य एवढेच. किल्ली जुळली नाही म्हणून घाबरून चांगली गाडी सोडू नका, आणि गाडी स्वस्त म्हणून न जुळणारी किल्ली मुकाट्याने खिशात टाकू नका. विचारा, तपासा, लिहून घ्या, मगच पैसे मोजा. कष्टाचा पैसा आहे तो. तो देण्याआधी प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?